पत्ता शत्रूचा की शेजाऱ्याचा? फाइल-शेअरिंगमधल्या काळ्या यादीची पार्श्वभूमी

इंदूरच्या रामबागेत आमच्या वाड्यात चार बिऱ्हाडं एकाच ब्रॉडबँडवर आहेत. बाहेरच्या जगाला चौघांचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा ओळख-क्रमांक) एकच. मी टोरंटवर, म्हणजे लोकांचे संगणक थेट एकमेकांना फाइली देतात त्या जाळ्यावर, लिनक्स या मोफत प्रणालीची आयएसओ (इन्स्टॉल करायची) फाइल शेअर करतो, आणि तोच पत्ता एका मित्राच्या ब्लॉकलिस्टमध्ये, म्हणजे ज्यांच्याशी जोडणी नाकारायची अशा पत्त्यांच्या यादीत, निघाला. अशा याद्या आल्या कुठून, हे सांगणं मला म्हणूनच गरजेचं वाटतं.

१९९९ च्या नॅपस्टर या गाणी शेअर करण्याच्या सेवेत कोणाकडे काय आहे याची सूची मध्यवर्ती सर्व्हरवर असे. न्यायालयाचा आदेश आला आणि २००१ मध्ये तो बंद पडला. नुटेला या फाइल-शेअरिंगच्या जाळ्याला (२०००) असं केंद्रच नव्हतं. मग संगीत-चित्रपट कंपन्यांनी नेमलेले लोक साधे सदस्य बनून जाळ्यात शिरले. शेअर करणाऱ्यांचे पत्ते टिपायचे आणि खोट्या फाइली पसरवायच्या, ही त्यांची कामं. काझा या तशाच जाळ्यात खोट्या फाइली पसरवणं फार सोपं होतं, कारण मोठ्या फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) तिच्या मोजक्याच तुकड्यांवरून काढला जाई. मधला मजकूर बिघडवला तरी ओळख तीच राहायची.

ब्रॅम कोहेनच्या बिटटोरंटने (२००१) प्रत्येक तुकड्याला एसएचए-१ पद्धतीने काढलेला स्वतंत्र हॅश दिला. जुळला नाही की तुकडा फेकला जातो आणि पुन्हापुन्हा खराब माल पाठवणाऱ्याला क्लायंट (आपल्या संगणकावरचा टोरंटचा प्रोग्राम) स्वतःच बाहेर काढतो. माझ्या मते शत्रू ओळखायची सगळ्यात प्रामाणिक रीत हीच: इथे पुरावा आपल्या हातात असतो.

पण गुपचूप पत्ते टिपणारा खराब काहीच पाठवत नाही. त्याच्यासाठी याद्या आल्या: २००३ चा पिअरगार्डियन हा पत्ते अडवणारा प्रोग्राम, ईम्यूल या शेअरिंग प्रोग्रामची आयपीफिल्टर फाइल. यात एकेक पत्ता नव्हे, सलग पत्त्यांचे पट्टेच्या पट्टे अडवले जात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतल्या संशोधकांनी नुटेला तपासलं, तेव्हा संपर्कात आलेल्या वेगवेगळ्या पत्त्यांपैकी १२ ते १७ टक्के अशा याद्यांमधले निघाले. त्यातले सर्वाधिक भेटणारे पाच पट्टे टाळले, तरी यादीतल्या कोणाशी गाठ पडण्याची शक्यता १ टक्क्यावर येत होती.

पत्ते टिपणारेही चुकत होतेच. २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रिंटरचे पत्ते ट्रॅकरला (फाइल कोणाकोणाकडे आहे याची यादी ठेवणाऱ्या टोरंटच्या सर्व्हरला) कळवले, तर डाउनलोड केल्याच्या तक्रारी त्या प्रिंटरांवर आल्या!

२०११ मध्ये आयपीव्ही४ या जुन्या प्रकारच्या आयपी पत्त्यांचा मध्यवर्ती साठा संपला. त्यानंतर एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटणं वाढलं आणि पत्ते फिरतेही असतात. काल तो कोणाकडे होता, हे यादीला ठाऊक नसतं. मी मित्राला यादीतून आमची ओळ काढायला सांगितली. तुकड्यांची तपासणी त्याचा क्लायंट तसाही करतोच.