टेबलावर गप्प पडलेला सेन्सर ९.८ का दाखवतो?

"मामा, सेन्सर खराब आलाय." रात्री साडेदहाला भाच्याचा मेसेज, सोबत स्क्रीनचा फोटो. ॲक्सिलरोमीटरचं (म्हणजे ॲक्सिलरेशन, वेगातला बदल मोजणाऱ्या सेन्सरचं) बारकं निळं मॉड्यूल अर्डुइनोला (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला) जोडून टेबलावर ठेवलेलं, कोणी हातही लावत नाहीये, एक्स शून्याच्या आसपास, वाय शून्याच्या आसपास आणि झेड मात्र ९.८. "हलतच नाहीये तर ॲक्सिलरेशन आलं कुठून?" प्रश्न एकदम रास्त, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा मी पण असाच सेन्सर परत करायला निघालेलो.

सेन्सर बरोबरच होता, फसवं आहे ते त्याचं नाव. ॲक्सिलरोमीटरला वेग बदलतोय की नाही हे थेट कळतच नाही. त्याच्या आत स्प्रिंगवर अडकवलेलं एक वजन असतं आणि ते वजन आपल्या मधल्या जागेवरून किती सरकलंय एवढंच त्याला कळतं, बाकी सगळं आपण लावलेला अर्थ. रद्दीवाल्याचा स्प्रिंगचा काटा आठवा. गठ्ठा लटकवला, रद्दीवाला हात स्थिर धरून उभा आहे तरी स्प्रिंग ताणलेलीच असते ना? आता त्याने हात झटकन वर घेतला तर क्षणभर काटा जास्त दाखवेल, खाली घेतला तर कमी (आणि ते खाली घेणं त्यांना बरोबर जमतं). आणि काटा गठ्ठ्यासकट हातातून सुटला तर? पडता पडता काटा शून्यावर, कारण स्प्रिंग आणि वजन दोघंही एकाच चालीने खाली चाललेत, कोण कोणाला ओढणार. म्हणजे टेबलावर पडलेला सेन्सर १ जी (पृथ्वीच्या ओढीएवढं, म्हणजे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग) दाखवतो आणि छतावरून खाली पडणारा सेन्सर शून्य दाखवतो, अगदी उलटं वाटतं पण तसंच आहे. २००३ मध्ये आयबीएमने थिंकपॅड लॅपटॉपमध्ये हाच सेन्सर टाकला तो हार्डडिस्क वाचवायला, लॅपटॉप घसरतोय किंवा पडतोय असं रीडिंगवरून वाटलं की जमिनीवर आपटायच्या आत डिस्कचं हेड बाजूला घ्यायचं.

आता हा रद्दीचा काटा नखापेक्षा लहान चिपमध्ये कसा बसवला ते बघण्यासारखं आहे. सिलिकॉनमधूनच एक बारीक पट्टी कोरतात, तिला दोन्ही कडेला कंगव्यासारखे दात, आणि ती सिलिकॉनच्याच नाजूक स्प्रिंगांवर अधांतरी. तिच्या प्रत्येक दाताच्या दोन्ही बाजूंना चिपला घट्ट चिकटलेले दुसरे दात. मधली फट एक-दोन मायक्रॉनची, आपला केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो म्हणजे विचार करा. दोन दात समोरासमोर म्हणजे झाला कपॅसिटर, वीज साठवणारी जोडी, फट बदलली की तिची क्षमता बदलते. झटका बसला की पट्टी जरा सरकते, एका बाजूची फट कमी, दुसऱ्या बाजूची जास्त, दोन कपॅसिटरमधला फरक चिपमधलं सर्किट मोजतं आणि त्याचा व्होल्टेज किंवा आकडा करून देतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲनालॉग डिव्हायसेसने एडीएक्सएल५० नावाची अशी चिप काढली ती गाड्यांच्या एअरबॅगसाठी, ५० जी पर्यंत मोजणारी. मोबाइलची स्क्रीन आडवी-उभी होणं वगैरे चैन नंतरची.

बरं, टेबलावर पण गुरुत्वाकर्षण दिसतं ही तक्रार नाहीये, उलट तेच सगळ्यात उपयोगाचं. बोर्ड तिरका केला की तो १ जी तीन अक्षांत वाटला जातो आणि त्यावरून किती अंश कललाय ते काढता येतं. पण टेबलावर सपाट ठेवून नुसता गोल फिरवला तर त्याला काहीही कळत नाही, गुरुत्वाकर्षण खालीच राहतं, त्यासाठी जायरोस्कोप म्हणजे फिरणं मोजणारा सेन्सर लागतो.

आणि एक स्वप्न प्रत्येकजण बघतो, मी पण बघितलंय. ॲक्सिलरेशनची बेरीज करत गेलं की वेग, वेगाची बेरीज केली की अंतर, म्हणजे जीपीएस नसताना पण गाडी कुठे गेली ते कळेल! कागदावर अगदी बरोबर आहे. पण सेन्सर फक्त ०.०१ जी ने चुकतोय असं धरा, तर दहा सेकंदांत जवळजवळ ५ मीटरची चूक आणि एका मिनिटात १७६ मीटर, गाडी जागेवर उभी असताना. स्वस्त सेन्सरने हा नाद करू नये.

भाच्याला खरं काय पाहिजे होतं ते दोन दिवसांनी कळलं. विहिरीवर मोनोब्लॉक मोटर आहे, शेतीची लाइट रात्री-अपरात्री येते, ऑटो (लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारा स्टार्टर) लावलाय पण मोटर खरंच चालू झाली का ट्रिप होऊन बसली ते बघायला दाजींना अंधारात बॅटरी घेऊन जावं लागतं. तर मोटरवर सेन्सर लावायचा आणि थरथर सुरू झाली की मोबाइलवर मेसेज. मस्त कल्पना. याने घेतलेला एमपीयू६०५० (ॲक्सिलरोमीटर आणि जायरो एकाच चिपमध्ये), कारण सगळ्या व्हिडिओत तोच असतो, आणि त्याला सगळ्यात मोठ्या रेंजवर म्हणजे १६ जी वर लावलेला, कारण मोठं ते चांगलं.

इथेच बहुतेक जण चुकतात. हा सेन्सर २ जी च्या रेंजवर एका जी चे १६३८४ भाग करतो, १६ जी वर फक्त २०४८. म्हणजे किराणा मोजायला ट्रकचा वजनकाटा. मोटरची थरथर १ जी च्या आतबाहेर असेल तर २ किंवा फारतर ४ जी पुरे. अंदाज येण्यासाठी सांगतो, ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात धरणातल्या यंत्रावर नोंदला गेलेला सगळ्यात मोठा झटका साधारण ०.६३ जी चा होता. १६ जी किंवा त्याच्या वर लागते ती आपटण्या-आदळण्याला.

रेंजपेक्षा महत्त्वाचं म्हणजे सेकंदाला किती वेळा वाचतोय. त्याची मोटर मिनिटाला साधारण २८५० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला साडेसत्तेचाळीस. हा पठ्ठ्या सेकंदाला ५० वेळा वाचत होता आणि ग्राफमध्ये अगदी सावकाश, सेकंदाला अडीच हेलकावे येत होते, जसं पिक्चरमध्ये गाडीचं चाक हळूहळू उलटं फिरताना दिसतं तसं. मोटरच्या फेऱ्यांच्या दुपटीच्या वर तरी वाचायलाच पाहिजे, मी तर म्हणतो ४००-५०० वेळा वाच. मात्र बेअरिंग घासायला लागलंय का हे पण कळावं असं वाटत असेल तर ते आवाज किलोहर्ट्झमध्ये (सेकंदाला हजारो हेलकावे) जातात, तिथे हा सेन्सर बहिरा, त्यासाठी पिझो प्रकारचे (दाबलं की वीज तयार करणाऱ्या स्फटिकाचे) महागडे येतात, पण त्यांना परत स्थिर गुरुत्वाकर्षण दिसत नाही.

ॲनालॉग घेऊ का डिजिटल? एडीएक्सएल३३५ तीन वायरींवर तीन व्होल्टेज देतो, शिकायला छान, एका जी ला साधारण ३०० मिलिव्होल्ट. पण बऱ्याच मॉड्यूलवर आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर असतात आणि त्याने तो ५० हर्ट्झला अडतो, म्हणजे आपल्या मोटरला अगदी काठावर. एडीएक्सएल३४५ आकडेच देतो, सेकंदाला ३२०० पर्यंत, मोटरसाठी मी तोच घेतला असता, एमपीयू६०५० मधला जायरो इथे लागतोच कुठे? बॅटरीवर चालवायचं असेल तर एलआयएस३डीएच बघा, तो काही मायक्रोॲम्पिअरवर पडून राहतो आणि हललं की कंट्रोलरला उठवतो. चिप्स ३.३ व्होल्टवाल्या असतात, मॉड्यूलवर रेग्युलेटर (व्होल्टेज कमी करून देणारा) आहे का ते बघूनच ५ व्होल्ट द्या.

एमपीयू६०५० सुरू होताना झोपलेला असतो हे पण लक्षात ठेवा, प्रोग्राममधून उठवला नाही तर तिन्ही अक्षांवर शून्य. तिन्ही शून्य म्हणजे एकतर सेन्सर झोपलाय नाहीतर विहिरीत पडतोय. आणि मुळातच त्याचं शून्य एक्स-वाय मध्ये ५० मिली-जी पर्यंत इकडेतिकडे असू शकतं, ते जवळजवळ तीन अंशांच्या तिरकेपणाएवढं, म्हणून सहाही बाजूंवर ठेवून रीडिंग घ्यायची आणि प्रत्येक अक्षाच्या दोन उलट रीडिंगची सरासरी वजा करायची.

शेवटी भाच्याने आहे तोच वापरला, ४ जी, सेकंदाला ५०० वाचन. पहिल्यांदा फोमच्या डबल टेपने चिकटवलेला, तर अर्धी थरथर फोमनेच गिळली, मग पायाच्या बोल्टला पट्टी लावून स्क्रूने कसला आणि वायरी बांधून टाकल्या. आता मेसेज बरोबर येतो. फुटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाशी पाणी अडवून धरणारा) गळून मोटर कोरडी फिरायला लागली तर थरथर बदलते का ते त्याला बघायचंय, पण त्यासाठी मोटर मुद्दाम कोरडी चालवायला दाजी काही परवानगी देत नाहीयेत.