चक डुलतो म्हणजे लेथ बाद, असं नाही

"जुना लेथ घेताना चक फिरवून पाहा, डुलला तर स्पिंडल गेलं, घेऊच नका." ट्रॅक्टर-पंपाच्या रिपेरिंगमध्ये नवीन उतरणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर हा मेसेज लय दिवसांचा फिरून राहिला. (लेथ म्हणजे गज फिरवून कापायचं मशीन, चक म्हणजे गज पकडणारा पंजा, अन् स्पिंडल म्हणजे त्या चकाला फिरवणारा दांडा.) दिसतंही तसंच, म्हणून पटतो.

पण भाऊ, तीन जॉचा (पकडायच्या दाढांचा) चक वापरून झिजतो, जॉ तोंडाशी फाकतात, आणि नवा चकही थोडाफार सेंटर सोडून फिरतोच. म्हणून पहिले मेन स्विच बंद करा, चक उतरवा, तो बसतो ती स्पिंडलची जागा चिंधीनं साफ पुसा (लोखंडाचा बारीकसा कणही रीडिंग बिघडवतो), डायल गेज (बारीक हालचाल काट्यानं दाखवणारं माप) टेकवून स्पिंडल हातानं फिरवा. काटा 0.01-0.02 मिमीच्या आत राहिला तर स्पिंडल ठीक आहे, दोष चकाचा, आणि चक बदलता येतो. मग लाकडी दांड्यानं स्पिंडल वर रेटून पाहा, काटा उडाला तर बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे, तोही बऱ्याच मशीनीत कसता येतो.

डायल नाही? चकात गज पकडा, हलका कट मारा, गज न सोडता पाहा. डुलणाऱ्या चकातही कापलेला भाग सरळच फिरतो, कारण तो स्पिंडलच्याच सेंटरवर कापला गेला. म्हणजे चक डुलला तरी काम गोल निघू शकतं.

खरी भीती बेडची (ज्या पट्ट्यांवरून कापायचं हत्यार सरकतं तो भाग), तो चकाजवळ जास्त झिजतो अन् तिथला खर्च मोठा.