ज्यू निर्वासित पैसा घेऊनच आले होते का?

‘हिटलरच्या जर्मनीतून निघालेले ज्यू गडगंज पैसा घेऊन आले, म्हणून परदेशात लगेच स्थिरावले’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. नंतरचं यश पाहून तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण १९३८ साली देश सोडताना मोठ्या मालमत्तेतून २५ टक्के कर कापला जाई, उरलेला पैसा गोठवलेल्या खात्यात अडके आणि रोख नेता येत अवघे १० मार्क. ब्रिटनमध्ये सुमारे २० हजार जण, त्यात बहुतेक बायका, घरकामाच्या परवान्यावर आले. कालपर्यंत ज्यांच्या घरी मोलकरीण होती, त्या आता परक्यांची भांडी घासत होत्या! पडताळायचंय? १९३८-३९ची ब्रिटिश वर्तमानपत्रं ऑनलाइन संग्रहांत आहेत. त्यांतल्या ‘काम हवे’च्या छोट्या जाहिराती वाचा, १९३८ साली जर्मनीत सामील केलेल्या ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाची सुशिक्षित जोडपी स्वयंपाकीण आणि नोकर म्हणून जागा मागताना दिसतील.