वीस लाख डॉलरचे हात

'डॉक्टर, ऑपरेशन रोबोटने करायचं की साधं?' मुंबई-पुण्यातल्या युरॉलॉजिस्टना, म्हणजे मूत्रमार्गाच्या आजारांच्या सर्जनना, हा प्रश्न आता रोज ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या मनात 'साधं' म्हणजे हलकं, असंच असतं. खरं तर रोबोट आपल्या मनाने एक टाकाही घालत नाही. सर्जन त्याच खोलीत, टेबलापासून थोडं दूर, कन्सोलमध्ये, म्हणजे यंत्राच्या नियंत्रण-कक्षात, डोकं घालून बसतो. पडद्यावर त्याला पोटातलं खोली असलेलं, मोठं केलेलं चित्र दिसतं. बोटं हलवली की रुग्णाच्या पोटातली अवजारं हलतात. हाताचा कंप यंत्र गाळून टाकतं.

मग हे यंत्र युरॉलॉजीतच एवढं का रुजलं? प्रोस्टेट ही पुरुषांमधली ग्रंथी कुठे असते ते पाहिलं की उलगडा होतो. जघनास्थीच्या मागे, ओटीपोटाच्या अगदी तळाशी, मूत्राशयाच्या खाली. कॅन्सरसाठी ती पूर्ण काढली की मूत्राशयाचं तोंड आणि खालची मूत्रनलिका पुन्हा जोडावी लागते, तेही त्या चिंचोळ्या जागेत गोलाकार टाके घालून. नेहमीच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत अवजारं सरळ दांड्याची असतात. हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं आणि सुईला हवा तो कोन मिळता मिळत नाही. 'दा विंची' नावाच्या रोबोटच्या अवजारांना टोकाशी मनगट असतं. या यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामक संस्थेने, 2000 साली मान्यता दिली. त्यानंतर डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमध्ये भारतीय वंशाचे डॉ. मणी मेनन यांनी प्रोस्टेटची रोबोटिक शस्त्रक्रिया घडवली आणि ती जगभर पसरली.

पसरली, पण पुराव्याच्या आधी. ओपन (मोठा छेद घेऊन केलेली) आणि रोबोटिक शस्त्रक्रिया यांची, कोणत्या रुग्णाला कोणती हे चिठ्ठ्या टाकून ठरवून केलेली नीट तुलना ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमधून 2016 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. 326 पुरुष त्यात होते. ओपनमध्ये सरासरी सव्वा लिटरहून जास्त रक्त गेलं, रोबोटमध्ये अर्धा लिटरही नाही. (याचं बरंचसं श्रेय रोबोटच्या शस्त्रक्रियेत पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या दाबाला जातं. तो साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतही असतोच.) रुग्णालयातला मुक्काम तीन दिवसांवरून दीड दिवसावर आला. पण रुग्णाला ज्याची खरी धास्ती असते, म्हणजे लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता, त्यात 12 आठवड्यांनी फरक दिसला नाही. दोन वर्षांनीही नाही. कॅन्सर परतण्याचं प्रमाण दोन वर्षांनी रोबोटच्या गटात कमी दिसलं, मात्र त्यावरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नका, असं संशोधकांनीच बजावलं.

या अभ्यासातली एक गोष्ट मला आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. ओपन करणाऱ्या सर्जनच्या गाठीशी 1500हून जास्त शस्त्रक्रिया होत्या, रोबोटवाल्याच्या सुमारे 200. यंत्राने अननुभव भरून काढला म्हणा, किंवा मुरलेल्या हातांनी यंत्राला गाठलं म्हणा. दोन्ही वाचनं शक्य आहेत.

आता पैसा. यंत्राची किंमत सुमारे वीस लाख डॉलर, वर देखभालीचा वार्षिक करार. शिवाय अवजारांत चिप बसवलेली असते. ठरलेल्या वेळा वापरून झाल्या की अवजार धडधाकट असलं तरी यंत्र ते स्वीकारत नाही. अमेरिकेत 2007च्या हिशेबाने रोबोटमुळे प्रत्येक शस्त्रक्रियेमागे साधारण 1600 डॉलर वाढत होते, आणि यंत्राची किंमत धरली तर 3200. एवढं यंत्र घेतलं की ते रिकामं ठेवून कसं चालेल? 2005 ते 2008 या काळात तिथे प्रोस्टेट काढण्याच्या शस्त्रक्रिया 60 टक्क्यांहून अधिक वाढल्या, आणि त्याच काळात या कॅन्सरचं प्रमाण घटत होतं.

मूत्रपिंडात तर एकाच अवयवासाठी दोन वेगळी उत्तरं मिळतात. गाठ लहान असेल तर तेवढीच काढून बाकी मूत्रपिंड वाचवता येतं. त्यासाठी धमनीला चिमटा लावतात आणि तिथून घड्याळ सुरू होतं. साधारण 25 ते 30 मिनिटांच्या आत गाठ कापून, उघड्या पडलेल्या नलिका आणि रक्तवाहिन्या शिवून चिमटा काढायचा. उशीर झाला तर वाचवायला निघालेला भागच निकामी होऊ लागतो. इथे वळणारं मनगट अक्षरशः मिनिटं वाचवतं. पूर्ण मूत्रपिंडच काढायचं असेल तर शिवायचं असं फारसं काही उरत नाही. 2017 साली अमेरिकेत हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा या शस्त्रक्रियेत रोबोटने साध्या दुर्बिणीपेक्षा गुंतागुंत कमी केली नव्हती. उलट वेळ जास्त लागत होता आणि खर्च सुमारे 2700 डॉलरने जास्त होता. त्या कामासाठी रोबोटचे पैसे मोजणं मला तरी पटत नाही.

वयोमानाने वाढलेली, कॅन्सर नसलेली प्रोस्टेट बहुतेकदा मूत्रमार्गातून दुर्बीण घालून किंवा लेझरने काढतात. तिथे पोटाला भोकही पाडावं लागत नाही, मग रोबोट कशाला?

गुरुग्राममध्ये बनणारा 'एसएसआय मंत्र' हा देशी रोबोट आल्याने आपल्याकडे किमतीला थोडी स्पर्धा आहे. आरोग्य विम्यातही 2019च्या नियमांनंतर कंपन्यांना रोबोटिक शस्त्रक्रिया सरसकट वगळता येत नाही, पण त्यावर वेगळी मर्यादा घालता येते. पॉलिसी पाच लाखांची असली तरी रोबोटसाठी मिळणारी रक्कम त्याहून बरीच कमी असू शकते. म्हणून ॲडव्हान्स भरण्याआधी पॉलिसीतलं उपमर्यादांचं पान काढून बघा आणि डॉक्टरांना विचारा, हीच शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः गेल्या वर्षी किती जणांची केलीत?