ठासणीची दारू वेगळी, काडतुसातली वेगळी

ठासणीची बंदूक म्हणजे काय, हे राजापूर-लांज्याकडच्या माणसाला सांगायला नको. तोंडाकडून दारू, वर बोळा, छर्रे, गजाने ठासायचं, ठिणगी पाडणारी टोपी चढवायची, बार. पीकराखणीच्या या बंदुकीचा 1959 च्या शस्त्र कायद्यात, कलम 13 मध्ये वेगळा उल्लेखच आहे. (बंदुकीचा परवाना हा डुक्कर मारायचा परवाना नव्हे, हे मात्र सोयीने विसरलं जातं.)

माझं डोकं फिरतं ते पुढच्या वाक्याला: ‘दारू ती दारूच, दोन्हीकडे चालते.’ नाही चालत.

ठासणीतली काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. काडतुसातली बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजची. 1884 च्या सुमारास फ्रान्समध्ये ती वापरण्याजोगी झाली. एकीने बोटं काळी होतात, दुसरीच्या करड्या चकत्या किंवा बारीक कांड्या असतात. धूर, वास वगैरे फरक सगळ्यांना ठाऊक आहेत.

खरा घोळ जळण्यात आहे. उघड्यावर काळी दारू भस्सकन उडते, तर बिनधुराची कागदासारखी निवांत जळते. हे पाहिलेला माणूस ठरवून टाकतो की दुसरी मवाळ, म्हणजे थोडी जास्त घातली तरी हरकत नाही. बंद नळीत मात्र उलटं होतं. बिनधुराच्या दारूवर दाब वाढला की तिचा जळण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की दाब आणखी चढतो. काळ्या दारूचा वेग दाबाने एवढा उसळत नाही, म्हणूनच ठासणीची जुनी नळी तिला पुरते. त्या नळीत बिनधुराची दारू गेली की नळी फाटते, आणि ती धरणाऱ्याच्या हाताजवळ फाटते.

मोजण्याचा गोंधळ इथूनच निघतो. काळी दारू मापाने भरायची पद्धत आहे. बिनधुराची दारू वजनाने मोजतात, तीही बहुतेक ठिकाणी ग्रेनमध्ये, ग्रॅममध्ये नाही. एका ग्रॅममध्ये सुमारे 15.4 ग्रेन बसतात. एका जातीची चकती फुगीर, दुसरीची कांडी दाट, त्यामुळे तेच माप भरलं तरी वजन निराळं येतं. काही परदेशी काडतुसांच्या डब्यांवर ‘3 ड्रॅम’ (ड्रॅम हे वजनाचं जुनं माप) असा आकडा असतो. आत तेवढी दारू आहे असा त्याचा अर्थ नाही. 3 ड्रॅम काळ्या दारूने छर्ऱ्याला जो वेग मिळाला असता तेवढा हे काडतूस देतं, एवढंच तो सांगतो. 3 ड्रॅम म्हणजे 82 ग्रेन. तो आकडा वाचून कुणी तेवढी बिनधुराची दारू मोजली तर काय होईल, ते वर लिहिलंच आहे.

‘सगळ्याला चालणारी एखादी सांगा’ या प्रश्नाचा मला कंटाळा आहे. बिनधुराच्या दारूतही पिस्तुलाची, छर्ऱ्याची, रायफलची वेगवेगळी असते, आणि कुठली किती हे तिच्या कारखान्याचा तक्ता सांगतो, शेजारचा काका नाही. त्यातून परवान्याशिवाय दारूगोळा तयार करायला त्याच शस्त्र कायद्याच्या कलम 5 ची आडकाठी आहेच. काडतूस तयारच विकत घ्यावं, या मताचा मी आहे.

काळ्या दारूची राख मात्र आपल्याकडच्या दमट हवेत पाणी ओढते आणि नळी गंजवते. निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा करायच्या आधी ती गरम पाण्याने धुवा, कोरडी करा, तेलाचा हात फिरवा. आणि माळ्यावर बिनलेबलचा जुना डबा सापडला तर वास घेऊन, चिमूट पेटवून ओळखायला जाऊ नका. हात न लावता पोलीस ठाण्यात कळवा.