पंधरा जहाजं आणि जगभरच्या मोटारी

‘जगातली पंधरा मोठी जहाजं सगळ्या मोटारींपेक्षा जास्त प्रदूषण करतात, मग आपण गाडी का सोडायची?’ हा मेसेज दहा-पंधरा वर्षं फिरतोय. मूळ तुलना होती गंधकाच्या वायूंची. पुढे ढकलता ढकलता ‘गंधक’ गळालं आणि लोक कार्बन समजून बसले.

जहाजाचं जड तेल डांबरासारखं घट्ट, गरम केल्याशिवाय इंजिनात जातच नाही. त्यात ३.५ टक्क्यांपर्यंत गंधक चालायचं. आपल्या बीएस-६ पेट्रोलमध्ये दहा लाखांत जेमतेम १० भाग. असा सामना लावल्यावर मोटारी जिंकणारच! १ जानेवारी २०२०पासून ही मर्यादा ०.५ टक्क्यांवर आली (धुरातलं गंधक धुणारी यंत्रणा असेल तर जुनं तेल चालतं), म्हणजे मेसेज गंधकापुरताही शिळा झाला.

कार्बनचं म्हणाल तर जगाच्या एकूण उत्सर्जनात सगळी जहाजं मिळून सुमारे ३ टक्के. मोटारींचा वाटा याहून बराच मोठा. तरी ३ टक्के म्हणजे किरकोळ नव्हे. कंपन्यांच्या हातातला सोपा उपाय म्हणजे वेग कमी करणं: इंजिनाला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनात वाढते, त्यामुळे वेग १० टक्के उतरवला की, प्रवास लांबूनही, इंधन जवळपास १९ टक्के वाचतं.