मणक्यातले स्क्रू आणि मागे राहणारं दुखणं

मणक्यात धातू बसवायला सुरुवात झाली ती पाठदुखीसाठी नव्हे. १८९१ साली टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला बर्थोल्ड हाड्रा या सर्जनने मानेचे मोडलेले मणके तारेने आवळून बांधले. पुढे १९११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड अल्बी यांनी, दोघांनी आपापल्या पद्धतीने, टीबीने पोखरलेले मणके हाडानेच एकमेकांना सांधायची शस्त्रक्रिया केली. हिब्ज मणक्याच्याच हाडाचे तुकडे वापरत, अल्बी नडगीतून हाडाची पट्टी काढून बसवत. मणके हलायचे थांबले की पाठीला कुबड येणार नाही, हा त्यामागचा विचार. धातूचा पत्ता नव्हता. प्लास्टरमध्ये महिनोन्महिने निजून राहायचं आणि हाड जुळायची वाट बघायची.

धातू खऱ्या अर्थाने आला तो पोलिओमुळे. ह्यूस्टनचे पॉल हॅरिंग्टन यांच्यापुढे पोलिओने पाठ वाकडी झालेली मुलं होती. त्यांनी स्टेनलेस स्टीलचा रॉड आणि हुक बनवले आणि १९६२ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. सुरुवातीला ते नुसता रॉडच बसवत, मणके सांधत नसत. हुक निसटले, रॉड तुटले. त्यातून जो धडा मिळाला त्यावर आजची सगळी फ्युजन, म्हणजे मणके सांधायची, शस्त्रक्रिया उभी आहे: धातू थकण्याआधी हाड जुळलं पाहिजे. म्हणजे रॉड-स्क्रू हे स्लॅबखालचं सेंटरिंग. फरक एवढाच, की स्लॅब पक्का झाल्यावर सेंटरिंग काढतात. इथे ते आतच राहतं. काम साधारण वर्षभराचं आणि मुक्काम जन्माचा.

हॅरिंग्टन रॉडने आणखी एक दुखणं मागे ठेवलं. कंबरेला निसर्गतः जो बाक असतो तो या रॉडने सपाट केला. मुलं मोठी झाली, पाठ एक्स-रेत सरळ दिसत होती, पण उभं राहिलं की शरीर पुढे झुके आणि तोल सावरताना पाठ, मांड्या भरून येत. एक्स-रे आणि माणूस यांची फारकत इथून सुरू झाली असं मला वाटतं.

पुढचा टप्पा स्क्रूचा. पॅरिसमध्ये रेमंड रॉय-कामी यांनी १९६३ पासून मणक्याच्या मागच्या बाजूने, पेडिकलमधून (मणक्याचा मागचा भाग पुढच्या भागाला जोडणाऱ्या हाडाच्या दांड्यातून) आरपार जाणारे स्क्रू वापरायला घेतले. मेक्सिको सिटीत एदुआर्दो लुके यांनी प्रत्येक मणका तारेने रॉडला बांधला. पकड इतकी घट्ट झाली की प्लास्टरची गरज उरेना. मग टीबी, पोलिओ, अपघात यांच्यासाठी जन्मलेलं तंत्र दोन मणक्यांमधल्या झिजलेल्या गादीच्या साध्या पाठदुखीकडे वळलं. वाद इथेच पेटला. अमेरिकेत असे स्क्रू हातापायांच्या हाडांसाठी मंजूर असताना सर्रास मणक्यात बसवले जात होते. १९९३ मध्ये टीव्हीवर प्रकरण गाजलं, हजारो रुग्ण कोर्टात गेले, आणि स्क्रू बनवणाऱ्या अॅक्रोमेड कंपनीने १९९६ मध्ये १० कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. १९९८ मध्ये एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मंजूर करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, ठरावीक वापरांसाठी या स्क्रूंना आधीपेक्षा कमी जोखमीच्या वर्गात घेतलं. कायद्यापुरता वाद बराचसा मिटला.

दुखणं मिटलं नव्हतं. स्क्रूची डोकी पाठीच्या स्नायूंखालीच असतात. बारीक अंगाच्या माणसाला खुर्चीची कड किंवा पातळ गादी टोचते, आणि थंडीत ठणका वाढतो असं पुष्कळ जण सांगतात. पण धातूच्या नावावर खपणारी दुखणी वेगळीही असू शकतात: हाड नीट न जुळणं, स्क्रू सैल होणं, छुपं इन्फेक्शन, किंवा सांधलेल्या भागाच्या वरच्या-खालच्या मणक्यावर पडलेला ताण. (हाड न जुळण्यात निकोटिनचा हात असतो, आणि ते सिगारेटप्रमाणेच आपल्या तंबाखू-मिश्रीतही असतं.) म्हणून दुखतंय म्हणून स्क्रू काढायचे ठरवण्याआधी त्यांच्याभोवती बधिरतेचं इंजेक्शन देऊन बघतात. तेवढ्यापुरता आराम पडला तर संशय धातूवर. तरीही काढल्यावर सगळ्यांचं दुखणं जातंच असं नाही, आणि हाड जुळल्याची खात्री सीटी स्कॅनवर झाल्याशिवाय शहाणा सर्जन हात लावत नाही.

दुखण्यासह जगायचं कसं, याचा इतिहास ऑपरेशन थिएटरच्या बाहेर घडला. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी मांडलं की वेदना सरळ मेंदूत पोचत नाही, मज्जारज्जूत तिच्यासाठी जणू दार असतं आणि ते कमी-जास्त उघडतं. दोनच वर्षांनी नॉर्मन शीली यांनी मज्जारज्जूला विजेची उत्तेजना देणारं पहिलं यंत्र बसवलं. मला मात्र यापेक्षा सिअॅटलचे मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांचं काम जवळचं वाटतं. त्यांनी दुखेल तेव्हा गोळी हा प्रकार बंद करून घड्याळाप्रमाणे गोळी दिली, आणि दुखेपर्यंत चालण्याऐवजी ठरवलेलं अंतर चालायला लावलं, अंतर हळूहळू वाढवत नेलं. बरं वाटलं त्या दिवशी अख्खं घर आवरायचं आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढायचे, ही आपल्या घराघरांतली रीत त्यांनी उलटी केली.

हे नुसतं समजुतीचं बोलणं नव्हतं. २००१ च्या स्वीडिश चाचणीत जुनाट कंबरदुखीवर फ्युजन नेहमीच्या फिजिओथेरपीपेक्षा सरस ठरलं होतं. पण २००३ मध्ये नॉर्वेत आणि २००५ मध्ये ब्रिटनमध्ये, नीट आखलेला व्यायाम आणि भीती घालवणारं समुपदेशन यांच्यासमोर ते फारसं पुढे गेलं नाही. ऑपरेशननंतर तीन महिन्यांपलीकडे टिकणाऱ्या दुखण्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या आयसीडी-११ यादीत आता स्वतंत्र निदान म्हणून जागा आहे. ही यादी २०२२ पासून लागू आहे.

आपल्याकडे फाइल जपायची सवय कमी, म्हणून एक सांगतो. स्क्रू-रॉडच्या पाकिटावरचे स्टिकर ऑपरेशनच्या कागदांवर चिकटवलेले असतात: कंपनी, माप, लॉट नंबर. वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्क्रूंना वेगवेगळे स्क्रूड्रायव्हर लागतात. दहा वर्षांनी दुसऱ्या शहरात स्क्रू काढायची वेळ आली, तर सर्जन आधी तो कागद मागतो.